मका लोकांचा देवमासा

मुलांनो, मका म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? पावसात कोळशावर भाजलेलं, लिंबू-मीठ चोळलेलं गरमागरम कणीस! पण आज मी ज्या मकांची गोष्ट सांगणार आहे, ती आहेत माणसं. अमेरिकेचा नकाशा उघडा. अगदी वर, डाव्या कोपऱ्यात वॉशिंग्टन नावाचं राज्य सापडेल. (राजधानीचं वॉशिंग्टन वेगळं, ते नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला. आमच्या वर्गात दर वर्षी हा घोटाळा होतो!) या राज्याचं एक टोक समुद्रात घुसलेलं दिसतं. त्याचं नाव केप फ्लॅटरी. तिथे नीआ बे नावाचं छोटंसं गाव आहे आणि त्या गावात मका ही आदिवासी जमात राहते.

गंमत म्हणजे 'मका' हे नाव त्यांनी स्वतः घेतलेलं नाही. शेजारच्या जमातींनी ते त्यांना दिलं. अर्थ साधारण असा, की 'आल्यागेल्याला पोटभर खाऊ घालणारे'. किती छान नाव ना? ते स्वतःला मात्र 'खडक आणि समुद्रपक्षी असतात तिथे राहणारे' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

या लोकांनी १७ मे १९९९ रोजी सकाळी एक देवमासा मारला. सिडारच्या लाकडाची लांब होडी, तीत वल्हेकरी, पुढच्या टोकाला हार्पून घेऊन उभा असलेला एक जण. हार्पून म्हणजे मागे दोर बांधलेला मोठा भाला. तो नेमका लागला. मग शेजारच्या मोटारबोटीतून मोठ्या बंदुकीच्या गोळ्या झाडल्या आणि दहा मिनिटांच्या आत तो देवमासा मेला. साधारण तीस फूट लांबीची ती मादी होती. वर आकाशात दूरदर्शन वाहिन्यांची हेलिकॉप्टरं घिरट्या घालत होती. अमेरिकेतल्या लाखो लोकांनी घरात चहा-कॉफी पिता पिता हे सगळं जसंच्या तसं पाहिलं.

आणि मग जो गदारोळ उडाला म्हणता!

मी ही हकीगत वर्गात सांगितली त्याला एक कारण घडलं. २०२३ च्या नोव्हेंबरात आपल्या गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं एक पिल्लू वाळूत अडकलं होतं. गावकरी, वनखात्याची माणसं, जीवरक्षक सगळे झटले. ओली कापडं टाकून, पाणी शिंपडून त्याला जपलं, ओढून खोल समुद्रात नेलं. तरी ते वाचलं नाही. मुलं हळहळली. तेव्हा एका मुलीनं विचारलं, "बाई, याला मुद्दाम मारणारी माणसं पण असतात का हो?" मी म्हटलं, असतात. आणि तीही तुमच्या-आमच्यासारखीच माणसं असतात. माझं हे वाक्य मुलांना अजिबात पटलं नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

करडा पाहुणा

देवमासा हा मासा नाही, हे तुम्हाला विज्ञानाच्या तासाला सांगितलेलं असतंच. तो आपल्यासारखा हवेत श्वास घेतो, पिल्लाला जन्म देतो, दूध पाजतो. मकांच्या किनाऱ्यावरून जातो तो करडा देवमासा, म्हणजे ग्रे व्हेल. लांबी पंचेचाळीस फुटांपर्यंत, वजन सहा-सात हत्तींएवढं. अंगावर शिंपल्यासारख्या कवचांचे जीव चिकटलेले असतात, त्यामुळे लांबून तो शेवाळलेल्या खडकासारखा दिसतो. दिसायला काही देखणा नाही बिचारा! पण त्याचा प्रवास बघा. उन्हाळ्यात तो उत्तरेला, थेट अलास्का आणि रशियाच्या मधल्या थंडगार समुद्रात असतो. तिथे कुशीवर वळून तळाचा चिखल तोंडात ओढतो आणि तोंडातल्या कंगव्यासारख्या झालरीतून पाणी नि चिखल बाहेर टाकतो. आत उरतात ते झिंग्याच्या जातीचे बारके जीव. तेच त्याचं जेवण. हिवाळा आला की निघाला दक्षिणेला, मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या उबदार खाड्यांकडे. पिल्लं होतात ती तिथेच. जाऊन-येऊन सोळा ते वीस हजार किलोमीटर! आणि वाटेत काय लागतं? मकांचं गाव.

मका लोक शतकानुशतकं या देवमाशाची शिकार करत आले. ही काही गंमत म्हणून केलेली शिकार नव्हे. हार्पून मारणारा मुखिया कित्येक महिने तयारी करायचा. पहाटे बर्फासारख्या पाण्यात अंघोळ, उपास, प्रार्थना. तो समुद्रावर असेल तोवर त्याची बायको घरात निश्चल पडून राहायची. ती हलली तर देवमासा उधळेल अशी समजूत. हार्पूनचं पातं मोठ्या शिंपल्याचं. दोराला सीलच्या कातड्याचे फुगवलेले फुगे बांधलेले, म्हणजे देवमाशाला बुडी मारणं जड जावं. आणि देवमासा मेल्यावरचं काम तर ऐकाच! एक माणूस त्या थंड पाण्यात उडी मारून त्याचं तोंड दोरानं शिवून टाकायचा. नाहीतर पोटात पाणी शिरून एवढी मेहनत तळाला जायची. मी हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण ताडकन उठून म्हणाला, "बाई, त्याला पगार किती मिळायचा?" पगार कसला! मांस आणि चरबी गावभर वाटली जायची, कुणाला कुठला भाग द्यायचा हे ठरलेलं असायचं.

हे सगळं फक्त म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीतलं आहे, असं म्हणून कुणी उडवून लावलं असतं. पण १९७० साली एक नवल घडलं. नीआ बेच्या दक्षिणेला ओझेट नावाचं मकांचं जुनं गाव होतं. काही शतकांपूर्वी तिथे डोंगराचा चिखल घसरला आणि घरं आतल्या सामानासकट गाडली गेली. वादळी लाटांनी किनारा कापला आणि ती घरं उघडी पडू लागली. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे रिचर्ड डॉहर्टी आणि मका लोक यांनी मिळून अकरा वर्षं तिथे खणलं. पंचावन्न हजारांहून जास्त वस्तू निघाल्या! टोपल्या, पेट्या, हार्पूनची पाती, देवमाशाची हाडं. सगळ्यात सुंदर वस्तू म्हणजे सिडारच्या लाकडात कोरलेला देवमाशाच्या पाठीवरचा पर, त्यात समुद्री पाणमांजरांचे सातशेहून अधिक दात जडवलेले. जे लोक देवमाशाला नुसतं मांसाचा ढीग समजतात, ते त्याचा पर कोरून त्यात सातशे दात जडवत बसतील का? या वस्तू लांबच्या मोठ्या शहरात न नेता नीआ बेमध्येच ठेवल्या. १९७९ पासून तिथे मकांचं स्वतःचं संग्रहालय आहे.

कागदावरचा शब्द

आता थोडा इतिहास. कंटाळू नका, पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे.

१८५५ साली अमेरिकी सरकारचा गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स मकांकडे आला. दोन-तीन वर्षांपूर्वीच देवीच्या साथीनं जमातीतली खूप माणसं मेली होती. उरलेल्यांपुढे सरकारनं करार ठेवला. मकांनी आपली बहुतेक सगळी जमीन सोडायची. त्यांनी ती सोडली. पण एक गोष्ट त्यांनी हट्टानं लिहून घेतली, ती म्हणजे मासे पकडण्याचा आणि देवमाशाची व सीलची शिकार करण्याचा हक्क. अमेरिकेतल्या आदिवासींबरोबरच्या करारांत देवमाशाच्या शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिलेला असा हा एकच करार. जमीन गेली तरी चालेल, समुद्र आमचा राहू दे, असा तो सौदा होता म्हणा ना.

पण जवळपास त्याच सुमाराला दूर दक्षिणेला दुसरंच काही चाललं होतं. चार्ल्स स्कॅमन नावाच्या अमेरिकी कप्तानाला बाहा कॅलिफोर्नियातल्या त्या खाड्यांचा पत्ता लागला, जिथे करड्या देवमाशांच्या माद्या पिल्लं घालतात. मग काय, जहाजांची रांगच लागली. अरुंद खाडीत पिल्लं सोडून आया पळून जाईनात. उलट होड्यांवर चालून येत, होड्या फोडत. म्हणून शिकाऱ्यांनी त्यांना 'सैतान मासा' म्हणायला सुरुवात केली. पिल्लाला वाचवणारी आई सैतान, आणि तेलासाठी तिला मारणारे मात्र सज्जन! चरबीच्या तेलावर तेव्हा दिवे जळत, यंत्रं फिरत. काही दशकांतच करडा देवमासा दिसेनासा होऊ लागला. पुढे वाफेची जहाजं आणि तोफेतून सुटणारे हार्पून आले, तेव्हा तर साऱ्या जगातल्या देवमाशांवर संक्रांत आली. विसाव्या शतकात जवळपास २९ लाख देवमासे मारले गेले, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे.

मकांनी काय केलं? १९२० च्या दशकात त्यांनी आपली शिकार आपणहून बंद केली, कारण देवमासे उरलेच नव्हते. करारातला हक्क त्यांनी सोडला नाही, फक्त वापरला नाही. त्या काळात त्यांची मुलं सरकारी निवासी शाळांत घातली जात. तिथे मातृभाषा बोलायला बंदी! मी शिक्षिका आहे, त्यामुळे हे वाचताना मला फार लाज वाटली. शाळा हे मुलांची भाषा पुसून टाकण्याचंही साधन होऊ शकतं, हे आमच्या डी.एड.च्या पुस्तकात नव्हतं.

मग देवमासे हळूहळू वाढले. १९४६ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आंतरराष्ट्रीय व्हेल आयोग स्थापन झाला. या आयोगानं १९८२ साली व्यापारी शिकार थांबवायचं ठरवलं आणि १९८६ पासून ते अमलात आलं. आपला भारतही आयोगाचा सभासद आहे. करड्या देवमाशांची संख्या वीस हजारांच्या आसपास गेली आणि १९९४ मध्ये अमेरिकेनं त्यांना धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून काढलं. तेव्हा मका म्हणाले, आता आमचा हक्क आम्हाला वापरू द्या. व्यापारासाठी नाही, विकायला नाही. १९९७ मध्ये आयोगाच्या बैठकीत पाच वर्षांत वीस देवमासे, असा वाटा त्यांच्याकडे आला. रशियातल्या चुकोत्का भागातल्या आदिवासींचा वाटा यापेक्षा खूपच मोठा होता, पण त्यांच्याबद्दल अमेरिकेत फारसं कुणी ओरडलं नाही. का बरं? त्यांच्यावर हेलिकॉप्टरं घिरट्या घालत नव्हती म्हणून असेल.

दोन्हीकडची माणसं

विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही नीट ऐकायला हवं. ते म्हणाले, सत्तर वर्षं तुम्ही देवमाशाशिवाय जगलात ना? गावात दुकान आहे, फ्रिज आहे. मग आता कशाला? दुसरं, 'परंपरा' म्हणून तुम्हाला सूट दिली की उद्या जपान आणि नॉर्वे म्हणतील, आमचीही परंपरा आहे. ही भीती काही अगदीच खोटी नव्हती. जपान २०१९ मध्ये त्या आयोगातून बाहेर पडला आणि त्याच वर्षी १ जुलैपासून त्यानं व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली.

तिसरा मुद्दा मुलांना सगळ्यात जास्त लागला. मेक्सिकोतल्या सान इग्नासिओ खाडीत पाचिको मायोराल नावाचा कोळी होता. १९७२ साली एक करडा देवमासा त्याच्या होडीला खेटून वर आला. तोपर्यंत सगळे कोळी या सैतान माशाला घाबरत. पाचिकोनं घाबरत घाबरत हात पुढे केला आणि त्याला स्पर्श केला. देवमासा तसाच थांबला! तेव्हापासून आजवर त्या खाडीत माद्या आपली पिल्लं घेऊन होड्यांजवळ येतात आणि माणसं त्यांना हात लावतात. ज्यांच्या आज्या-पणज्यांना याच खाडीत मारलं, त्या जवळ येतात. मग विरोधक विचारतात, माणसावर विश्वास ठेवायला शिकलेल्या या प्राण्याला पुढच्या प्रवासात हार्पून मारायचा?

याला माझ्याकडे उत्तर नाही. खरंच नाही.

पण विरोध करण्याच्या नादात काही लोकांनी फारच खालची पातळी गाठली. देवमासा वाचवा आणि मकाला हार्पून मारा, अशा अर्थाचे स्टिकर गाड्यांवर लागले. बॉम्बच्या धमक्या आल्या. समुद्रात विरोधकांच्या बोटी होड्यांच्या वाटेत घुसल्या. ज्या लोकांनी दीडशे वर्षांपूर्वी जमीन गमावली, त्यांनाच 'रानटी' म्हणण्यात आलं. आणि देवमाशांना खरोखर संपवणाऱ्या कंपन्यांचे वारस कुठे होते? बहुधा आपापल्या घरी दूरदर्शनसमोर.

आणखी एक टीका होती. बंदूक नि मोटारबोट वापरलीत, मग ही परंपरा कसली? इथे मात्र माझ्या वर्गानं मकांची बाजू घेतली. एक मुलगा म्हणाला, "बाई, आमच्या दिंडीत पण टँकर असतो, मोबाइल असतो. म्हणून काय ती वारी नाही?" शाब्बास! शिवाय ती बंदूक हौसेनं आणलेली नव्हती. प्राणी तासन् तास तडफडू नये, लवकर मरावा, म्हणून ती आली होती.

मका लोकांतही सगळे एकमतानं शिकारीच्या बाजूचे नव्हते, बरं का! अल्बर्टा टॉम्प्सन नावाच्या एक मका आजी होत्या. त्यांनी शिकारीला उघड विरोध केला, व्हेल आयोगाच्या बैठकीपर्यंत जाऊन आपलं म्हणणं मांडलं. त्यांना सान इग्नासिओच्या खाडीत देवमाशाच्या पिल्लाला हात लावायला मिळाला होता. छोट्या गावात, जिथे सगळेच एकमेकांचे नातेवाईक, तिथे सगळ्यांच्या विरुद्ध उभं राहणं किती कठीण असेल, याचा विचार करा. आपल्याकडे गावच्या जत्रेतली एखादी प्रथा नको म्हणणाऱ्या माणसाला काय काय ऐकावं लागतं, ते तुम्ही पाहिलं असेल.

तर १७ मेच्या त्या दिवशी देवमासा किनाऱ्यावर आला, तेव्हा सारा गाव जमला. ढोल वाजले, गाणी झाली. कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदाच देवमाशाचं मांस चाखलं. पुढे गावातल्या शाळेच्या मुलांनी त्याची हाडं स्वच्छ करून सगळा सांगाडा जोडला आणि तो आता त्यांच्या संग्रहालयात आहे. सांगाडा जोडण्याचं हे काम ऐकून माझी मुलं एकदम शिकारीच्या बाजूची झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरली!

बर्फावरचे शिकारी

इथे जरा वाट सोडून उत्तरेला जाऊ या, कारण ही गोष्ट मला फार आवडते.

अलास्काच्या वरच्या टोकाला बॅरो नावाचं गाव आहे. २०१६ पासून त्याला उत्कियाग्विक हे जुनं नाव पुन्हा मिळालं आहे. तिथले इन्युपियात लोक बो-हेड जातीच्या देवमाशाची शिकार करतात. सीलच्या कातड्यानं मढवलेल्या होड्यांतून! तिकडे शेती नाही, झाड नाही, आणि दुकानातली भाजी विमानानं येते. तिची किंमत ऐकून आपल्याला घेरी येईल. एक देवमासा म्हणजे गावाचं कित्येक महिन्यांचं अन्न. जमिनीखालच्या गोठलेल्या मातीत खड्डे खणून ते मांस साठवतात. जूनमध्ये मोठं गावजेवण होतं आणि कातड्याच्या चादरीवर माणसांना चेंडूसारखं उंच उडवण्याचा खेळ रंगतो.

१९७७ साली व्हेल आयोगानं या शिकारीवर बंदी घालायचं ठरवलं. शास्त्रज्ञांच्या अंदाजानं बो-हेड देवमासे हजार-दीड हजारांच्या आसपासच उरले होते, कदाचित त्याहूनही कमी. इन्युपियात शिकारी म्हणाले, तुम्ही चुकीचं मोजताय! तुम्ही बर्फातल्या मोकळ्या पाण्याच्या पट्ट्यात दिसतात तेवढेच मोजता. ते बर्फाखालूनही जातात, डोक्यानं बर्फ फोडून श्वास घेतात. हॅरी ब्राउअर नावाच्या जाणत्या शिकाऱ्यानं टॉम अल्बर्ट या शास्त्रज्ञाला हे समजावून सांगितलं. अल्बर्ट यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. शास्त्रज्ञांनी बर्फाखाली पाण्यात मायक्रोफोन सोडले, देवमाशांचे आवाज टिपले, आणि काय आश्चर्य! म्हातारा बरोबर होता. आकडा हजारांच्या पटीत वाढत गेला. २०११ च्या मोजणीत तो सोळा हजारांच्या वर होता. दरम्यान इन्युपियात लोकांनीही शिकारीवर मर्यादा मान्य केली आणि त्या मर्यादेवर देखरेख करायला १९७७ मध्येच स्वतःचा आयोग काढला.

दुसरी गोष्ट १९८८ च्या ऑक्टोबरातली. याच बॅरोजवळ तीन करडे देवमासे बर्फात अडकले. श्वास घ्यायला एवढंसं भोक उरलेलं. त्यांना कुणी शोधलं? एका इन्युपियात शिकाऱ्यानं. त्यांच्यासाठी यांत्रिक करवतींनी रात्रंदिवस बर्फ कापून श्वासाची भोकं कुणी पाडली? त्याच शिकाऱ्यांनी! शेवटी रशियाची (तेव्हाच्या सोव्हिएत युनियनची) बर्फ फोडणारी जहाजं आली आणि वाट मोकळी झाली. सगळ्यात लहान देवमासा त्याआधीच दिसेनासा झाला होता. उरलेले दोघे बाहेर पडले. देवमासा मारणारे हात आणि वाचवणारे हात तेच होते. माझ्या वर्गात हे ऐकल्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

आणि २००७ मध्ये तिथे शिकार झालेल्या एका बो-हेडच्या अंगात जुन्या, स्फोट होणाऱ्या हार्पूनचा एक तुकडा सापडला. तो होता १८८० च्या आसपासचा! म्हणजे आपले लोकमान्य टिळक 'केसरी' काढत होते, त्या सुमारास त्या देवमाशावर वार झाला होता आणि त्यानंतरही तो शंभराहून अधिक वर्षं पोहत राहिला.

कोर्टकचेऱ्या

आता परत नीआ बेला. १९९९ नंतर विरोधक न्यायालयात गेले. २००२ साली वरिष्ठ न्यायालय म्हणालं, करार असला तरी समुद्री सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा १९७२ चा कायदा मकांनाही लागू होतो. शिकार करायची तर त्या कायद्यातून खास सूट घ्या. (आपला वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीत जिवंत नाग पकडण्याला उच्च न्यायालयानं मनाई केली, ती याच कायद्यामुळे. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं आजोळ त्या बाजूचं. ती म्हणाली, "मामा अजून रागावलेत, पण नागाला बरं वाटत असेल.")

मकांनी २००५ मध्ये रीतसर अर्ज केला. एक वर्ष गेलं, दोन वर्षं गेली. कागद काही हलेना. तेव्हा २००७ च्या सप्टेंबरात पाच मका तरुण कुणालाही न विचारता बोटी घेऊन गेले. त्यांनी एका करड्या देवमाशाला हार्पून मारला, गोळ्या झाडल्या. तटरक्षक दलानं त्यांना पकडलं. तो देवमासा मात्र कित्येक तास तडफडला आणि शेवटी समुद्रात बुडाला. ना प्रार्थना, ना वाटप, ना गावजेवण. मकांच्या जमात परिषदेनं स्वतः त्याचा धिक्कार केला. दोघांना तुरुंगवास झाला. कागद हलत नाहीत याचा राग मी समजू शकते, आपल्यापैकी कुणी सरकारी कचेरीत खेटे घातले नाहीत? पण त्या रागाची किंमत देवमाशानं का द्यावी?

मला विचाराल तर, मकांचा हक्क मला मान्य आहे. शब्द दिला होता, तोही जमीन घेऊन दिला होता, आणि तो अमेरिकेनं पाळावा. वर्षाला दोन-तीन देवमाशांनी ती जात संपणार नाही. पण माझ्याच घरात माझी धाकटी बहीण म्हणते, "ताई, संपणार नाही म्हणून मारायचा का?" आमचं या विषयावर एकदा जेवणाच्या ताटावर चांगलंच वाजलं. ती शाकाहारी, मी मासे खाणारी. तिनं माझ्या ताटातल्या बांगड्याकडे बोट दाखवलं आणि मी गप्प बसले!

शेवटी २०२४ च्या जूनमध्ये, म्हणजे अर्ज केल्यावर एकोणीस वर्षांनी, अमेरिकी सरकारनं ती सूट दिली. दहा वर्षांत जास्तीत जास्त पंचवीस देवमासे. तेही सरसकट नाही, शिकारीसाठी पुन्हा वेगळा परवाना काढायचा. सगळे करडे देवमासे उत्तरेला जात नाहीत. सुमारे दोनशेंचा एक गट उन्हाळाभर या किनाऱ्यालगतच राहतो. त्या गटाची संख्या ठरलेल्या आकड्याखाली गेली तर शिकार थांबवायची, अशी अट नियमांतच घातली आहे.

तोवर समुद्रात वेगळंच संकट आलं होतं. २०१६ मध्ये करडे देवमासे सत्तावीस हजारांच्या आसपास होते. २०१९ पासून मेक्सिकोपासून अलास्कापर्यंतच्या किनाऱ्यांवर रोडावलेले, मेलेले देवमासे लागू लागले. २०२३ च्या अंदाजात आकडा साडेचौदा हजारांवर आला. हार्पून नाही, बंदूक नाही, तरी निम्म्याच्या आसपास कमी! समुद्र तापतोय, उत्तरेचं बर्फ कमी होतंय आणि चिखलातलं त्यांचं खाणं पूर्वीसारखं मिळत नाही, हे त्याचं मुख्य कारण शास्त्रज्ञ सांगतात.

ही मोजणी कशी होते ठाऊक आहे? कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ग्रॅनाइट कॅन्यन नावाची उंच जागा आहे. हिवाळ्यात देवमासे दक्षिणेला निघाले की शास्त्रज्ञ तिथे दुर्बिणी घेऊन पाळीपाळीनं बसतात. थंडी, वारा, धुकं. पाण्यावर वाफेचा फवारा दिसला की वहीत नोंद, पुन्हा फवारा, पुन्हा नोंद. रात्री दिसत नाही, धुक्यातही दिसत नाही, त्याचा हिशेब नंतर मांडायचा. वर्गातल्या मुलांना मी विचारलं, असं दिवसभर बसून कोण मोजेल? एकूण एक हात वर आले. शिकार व्हावी म्हणणाऱ्यांचे, आणि होऊ नये म्हणणाऱ्यांचेही.